अंगणातला स्मोकर: भंगारात द्यायच्या आधी चौथरा बांधा

पत्र

ताई, आम्ही अमळनेरला गावाबाहेरच्या प्लॉटवर राहतो. माझे दीर टेक्सासला असतात. यजमान त्यांच्याकडे जाऊन आले तेव्हा तिथला परसातला बार्बेक्यू स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस हळूहळू शिजवायचं लोखंडी यंत्र, त्यांच्या मनात भरला. परत आल्यावर एका फॅब्रिकेटरकडून त्यांनी तसाच बनवून घेतला. सहा एमएमचा पत्रा, सहा फूट लांबी, बाजूला जाळाची पेटी, वर धुराडं. वजन तीनशे किलोच्या आसपास. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा आल्या तेव्हा लावला होता, सगळ्यांनी बोकडाची मांडी आवडीनं खाल्ली. पण एरवी तो अंगणात तुळशीसमोर तसाच उभा असतो. चाकं मातीत रुतलीत, पेटीखाली तांबेरा दिसतोय. शेजारच्या काकांनी धुराची तक्रार केली. राख काढणं माझ्याकडेच आलंय. पेटीत राख गोळा व्हायला जीआय पत्र्याचा ट्रे आहे, तोही आता काळा-पांढरा झालाय. यजमान म्हणतात गच्चीवर चढवू, सासरे म्हणतात शेतात खळ्यावर नेऊ, पावसापुरता पोर्चमध्ये गाड्यांशेजारी ठेवू असंही चाललंय. सासूबाईंचं एकच: ‘हाई धूड भंगारमा दी टाका.’ मृग तोंडावर आलाय. काय करावं?

एक वाचक, अमळनेर

उत्तर

ताई, आधी तो जीआयचा ट्रे आजच काढून टाका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि लाकडाच्या निखाऱ्यात तेवढी उष्णता सहज असते. तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं. वेल्डिंगवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. ट्रेवर जी पांढरी पूड दिसते ती बहुतेक जस्ताचीच आहे. त्याच मापाचा साध्या काळ्या लोखंडी पत्र्याचा ट्रे करून घ्या. जाळ्या आणि आतल्या पट्ट्या कशाच्या आहेत, हेही फॅब्रिकेटरला विचारून घ्या. आतून रंग मारलेला असेल तर तो खरवडून काढायचा. तुमचा स्मोकर नव्या पत्र्याचा आहे हे बरं झालं. आपल्याकडे जुन्या ड्रमचे स्मोकर करायची टूम निघाली आहे आणि कापसाच्या पट्ट्यात फवारणीच्या औषधांचे रिकामे ड्रम जागोजागी मिळतात. तसला ड्रम कितीही घासला, जाळला, तरी त्यात अन्न शिजवायचं नाही.

आता जागेचं. तुमच्या घरात चार माणसांची चार मतं आहेत आणि मला त्यातलं एकही पूर्ण पटत नाही. सासूबाईंचं मात्र निम्मं पटतं, त्याबद्दल पुढे लिहिते.

गच्ची नको. सहा एमएमचा पत्रा चौरस मीटरला ४७ किलो भरतो, म्हणजे तुमचा तीनशे किलोचा अंदाज बरोबरच असणार. घराची गच्ची साधारणपणे चौरस मीटरला दीड-दोनशे किलोचा भार धरून बांधलेली असते. स्मोकरचं वजन तर चार लहान चाकांवर, चार ठिकाणीच उतरतं. स्लॅब लगेच कोसळेल असं नाही, पण चाकांखाली वॉटरप्रूफिंगला तडा गेला की पहिल्याच पावसात खालच्या खोलीत गळती. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर असतो आणि दुपारचं वारं सुटलेलं असतं. उंचावरून उडालेली ठिणगी कोणाच्या वाड्यात, कोणाच्या कडब्यावर पडेल सांगता येत नाही. त्यात तीनशे किलोचं धूड वर चढवायचं आणि कधी दुरुस्ती निघाली तर पुन्हा खाली उतरवायचं. हा विचार यजमानांनी सोडून द्यावा.

खळ्याचा सल्ला सासऱ्यांनी भल्यासाठीच दिलाय, पण खळ्यावर काय काय असतं ते त्यांनाच जास्त माहीत. कडबा, भुसा, कापसाच्या दिवसांत वेचलेला कापूस, केळीची वाळलेली पानं. कापसाच्या ढिगाला लागलेली आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. दुसरं म्हणजे राखण नसलेल्या जागी एवढं लोखंड महिनोन् महिने उभं ठेवलं तर भंगारवाल्याच्या आधी चोर येतो. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: शेतात नेलेला स्मोकर वापरलाच जाणार नाही. न वापरलेला स्मोकर वापरलेल्यापेक्षा लवकर गंजतो. जाळाच्या उष्णतेनं तो कोरडा होतो, चरबीचा आणि तेलाचा पातळ थर चढत राहतो. ते थांबलं की ओल आत शिरायला मोकळी.

पोर्चमध्ये तर एक दिवसही नको, निदान ऊब असेपर्यंत तरी नकोच. गाड्यांच्या टाक्यांत पेट्रोल असतं, त्याची वाफ जमिनीलगत पसरते. आणि निखारे वरून राखुंडले तरी आत तासन् तास कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. त्याला वास नाही, रंग नाही. पोर्चला लागून झोपायच्या खोलीची खिडकी असेल तर ते थेट घरात येतं. पाऊस आला म्हणून अर्धा विझलेला स्मोकर पोर्चमध्ये ढकलायचा मोह होईल, तेव्हा हे आठवा. भिजला तर भिजू दे.

म्हणून माझं म्हणणं, स्मोकर घराजवळच, पण परसात, पक्क्या चौथऱ्यावर. तुमची जमीन काळी आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तुमची चाकं रुतली ती उगाच नाही. यंत्र एका बाजूला कललं की दार नीट बसत नाही, फटीतून हवा शिरते, आणि मग जाळ ताब्यात राहत नाही. नुसत्या मातीवर शहाबादी फरशा टाकल्या तर वर्षभरात त्याही हलतील. फूटभर काळी माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून धुमसाने चांगला ठोकून घ्या, त्यावर चार इंचांचं काँक्रीट. नऊ फूट बाय सहा फूट पुरे, म्हणजे उभं राहून काम करायलाही जागा राहते. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा आणि फुटाला पाव इंच उतार द्या. जाळाच्या पेटीखाली विटांचा एक थर नुसताच मांडून ठेवा, सिमेंट लावू नका. काँक्रीट जास्त तापलं की त्याचे टवके उडतात; विटा खराब झाल्या तर बदलता येतात.

चौथरा घराच्या भिंतीपासून दहा फूट लांब असावा. डोक्यावर पत्र्याची शेड, चारी बाजूंनी मोकळी, धुराड्याच्या तोंडापासून चांगली उंच. हिरव्या शेडनेटचा आडोसा करायचा विचार कोणी मांडेल, कारण आपल्याकडे ती घरोघरी पडलेली असते. ते प्लास्टिक आहे, एका ठिणगीत भोक आणि दोन ठिणग्यांत आग.

परसात नेमका कोणता कोपरा, हे सासूबाईंना ठरवू द्या. त्यांचं तुळशीसमोरून हलवण्याचं म्हणणं रास्त आहे आणि अंगणातल्या वाऱ्याची माहिती त्यांच्याइतकी कोणालाच नसणार. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ परसात वेगवेगळ्या ठिकाणी अगरबत्ती लावून बघा, धूर कुठे जातो ते. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, पण स्मोकर लावायचे दिवस हिवाळ्याचे आणि तेव्हा तो फिरतो. म्हणून आत्ता केलेली पाहणी दिवाळीनंतर पुन्हा एकदा करायची. आत्ता कोपरा पक्का करताना स्वयंपाकघराची खिडकी, देवघर आणि काकांचा ओटा या तिन्हींपासून शक्य तेवढं लांब जा.

काकांच्या तक्रारीवर इलाज जागेपेक्षा जाळ करण्याच्या पद्धतीत आहे. दाट पांढरा धूर म्हणजे जाळ गुदमरलाय. बहुतेक नवखे स्मोकरवाले उष्णता कमी करायला हवेची झडप बंद करतात आणि लाकूड धुमसायला लागतं. तो धूर शेजाऱ्याच्या डोळ्यांत जातोच, मांसावरही कडवट काळा थर चढतो आणि धुराड्यात डांबरासारखा चिकटा साचतो. करायचं उलट. धुराडं कायम पूर्ण उघडं. आधी निखाऱ्यांचा चांगला थर तयार करायचा, मग मनगटाएवढं जाड आणि हातभर लांब असं एकेक फाळकं घालायचं. पुढचं फाळकं पेटीच्या वरच्या पत्र्यावर आधीच तापत ठेवायचं. तापलेलं लाकूड आत पडताच भप्पकन पेट घेतं, धुमसत नाही. ते पेट घेईपर्यंत पेटीचं दार किंचित उघडं ठेवायचं. जाळ लहान पण लखलखीत हवा. असा जाळ बसला की धुराड्याच्या तोंडाशी धूर जवळपास दिसत नाही, नुसती हवा थरथरताना दिसते, निळसर झाक असलीच तर असते. हाताचा तळवा त्या हवेतून एकदा फिरवून हुंगा. गोडसर वास आला तर मांस ठेवा. डोळे चुरचुरले तर अजून थांबा. शिजवायच्या भागात ११० ते १३५ अंशांच्या दरम्यान उष्णता राहिली की झालं.

वेळही सांभाळा. हिवाळ्यात संध्याकाळी जमीन गार पडते, वरची हवा मात्र उबदार राहते, आणि धूर वर जायचा सोडून गल्लीत लोळतो. दिवेलागणीला स्मोकर पेटवला तर कितीही स्वच्छ जाळ केला तरी काका खोकणार. ऊन वर आल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास पेटवा, म्हणजे बोकडाची मांडी दुपारी उशिरा तयार होते. टेक्सासला याच यंत्रावर बीफ ब्रिस्केट, म्हणजे छातीचं मांस, बारा-बारा तास ठेवतात. महाराष्ट्रात २०१५ पासून सगळ्याच गोवंशाच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तिकडचं वेळापत्रक इकडे कामाचं नाही. आपला बोकड बारीक अंगाचा, चरबी कमी. चार तासांनी रंग आला की मांडी केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळून परत ठेवा, नाहीतर ती सुकते. केळीची पानं तुमच्याकडे विकत घ्यावी लागत नसतील! आणि उन्हाळ्यात लावलात तर कच्चं किंवा शिजलेलं मांस तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका.

लाकूड बाभळीचं किंवा चिंचेचं, दोन्ही जड, जाळ टिकतो. सौम्य वासाला आंबा. निंबाचा धूर कडू लागतो, निलगिरीत तेल असतं, दोन्ही नकोत. खोक्यांच्या फळ्या, प्लायवूड, रंगवलेली दारं कदापि नाही. आणि कण्हेर. कुंपणाला लावलेली कण्हेर छाटल्यावर तिच्या काड्या सरपणात मिसळतात. तिचा धूरही विषारी आहे, तेव्हा ती सरपणाजवळही येऊ देऊ नका. कपाशीच्या काड्या भरतासाठी उत्तम, भुर्रकन जळतात, वांगं बाहेरून करपतं, आत मऊ होतं. स्मोकरला तसा जाळ चालत नाही. कोणी हौसेनं बामणोदची वांगी स्मोकरच्या जाळीवर ठेवली तर साल चामड्यासारखी होईल आणि भरताची चव येणार नाही. वांगी पेटीतल्या निखाऱ्यांवरच भाजा. सासूबाई शाकाहारी असतील तर त्यांच्यासाठी जाळी वेगळी ठेवा, ओळखू येईल अशी, आणि ती मटणाच्या जाळीसोबत धुवायची नाही.

वखारीतून आणलेली लाकडं फोडून, विटांवर आडव्या बांबूंवर रचा. जमिनीला टेकली तर वाळवी लागते. वरून पत्रा, बाजू मोकळ्या. आपला एक कडक उन्हाळा लाकूड वाळवायला पुरतो. पण रास मागच्या दाराला लागून नको, कारण पावसाळ्यात तिथे विंचू आणि फुरसं दडून बसतं. लाकूड काढताना आधी काठीनं ठोकायचं, पायात बूट, आणि रात्री हात घालायचाच नाही. हे मुलांना नीट बजावून ठेवा.

आता राख. पेटीखालचा तांबेरा पावसामुळे कमी आणि राखेमुळे जास्त आलाय. राख हवेतली ओल ओढून घेते आणि तिचा ओला क्षारयुक्त लगदा लोखंडाला चिकटून बसतो. म्हणून प्रत्येक वेळी, दुसऱ्या दिवशी, पूर्ण थंड झाल्यावर राख काढलीच पाहिजे. राखेत निखारा दीड-दोन दिवसही जिवंत राहू शकतो, तेव्हा ती झाकणाच्या लोखंडी डब्यात, कचऱ्याच्या प्लास्टिक बादलीत नाही. आतली चरबी ऊन असतानाच उलथन्यानं खरवडून घ्यायची. ती साचली की उंदीर-मुंग्या येतात, आणि पुढच्या वेळी तीच पेट घेते.

हे काम तुमच्याकडे कसं आलं? तुम्ही ते सहज एका ओळीत लिहिलंय, पण मला वाटतं तुमच्या घरातला सगळा प्रश्न तिथेच आहे. आवड यजमानांची, कौतुक पाहुण्यांचं आणि मागचं निस्तरणं तुमचं. सासूबाई ‘भंगारमा’ म्हणतात ते यंत्राला नाही, या व्यवस्थेला म्हणत असाव्यात. रोज त्या ते बघतायत. स्मोकर ठेवायचा म्हणजे जाळ विझल्यानंतरचं सगळं काम अंगावर घ्यायचं, आणि ते ज्यानं आणला त्यानंच घ्यायचं. यजमानांशी भांडू नका, पण स्पष्ट बोला: राख, खरवडणं, तेल लावणं, लाकडांची रास, हे तुम्ही करणार असाल तर मी चौथऱ्याच्या खर्चाला होकार देते. त्यांनी मनापासून हो म्हटलं तर हा स्मोकर वीस वर्षंही टिकेल, सहा एमएम पत्रा तेवढा दणकट असतो. त्यांनी टाळाटाळ केली तर चौथरा बांधू नका.

मृगाला थोडेच दिवस उरलेत, त्यामुळे चौथरा या पावसाआधी झाला नाही तरी चालेल. एक कोरडा रविवार काढा. आतून सगळं खरवडून, राख काढून, लहान जाळ करून दोन तास यंत्र तापवा. कोमट असताना आतून-बाहेरून खाण्याच्या तेलाचा पातळ हात फिरवा, फडक्यानं पुसून घ्या. तेल जास्त झालं तर चिकट राहतं. पेटीच्या बाहेरून रंग टिकत नाही, तिथे तांबेरा तारेच्या ब्रशनं घासून तेलच लावत राहायचं. बाकी अंगाला ६०० अंश सोसणारा काळा रंग मिळतो, तो चालेल. जाळ्या काढून तेल लावून कागदात गुंडाळून घरात. बिजागऱ्यांना आणि चाकांना ग्रीस. चाकांखाली तात्पुरते फरशीचे तुकडे घाला आणि चरबी गळायचं भोक ज्या बाजूला आहे ती बाजू बोटभर खाली ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी थांबणार नाही. धुराड्यावर तेलाचा रिकामा डबा पालथा घाला.

ताडपत्री घट्ट आवळून बांधू नका. घट्ट ताडपत्रीखाली पत्र्याला कुकरच्या झाकणासारखा घाम सुटतो आणि गंज आतूनच लागतो. चार बांबू रोवून ती वर तंबूसारखी ताणा, खालून वारा खेळू द्या. झडप अर्धी उघडी ठेवा, तिच्यावर जाळी लावा म्हणजे चिमण्या घरटी करणार नाहीत. श्रावणात उघडीप मिळाली की दार उघडून बघा. आत पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, पण नुसती पुसून त्यावर शिजवूही नका. मोठा जाळ करून जाळून टाका, खरवडा, पुसा, पुन्हा तेल लावून तापवा. तसंही पावसाळ्यात महिन्यातून एकदा लहान जाळ केला तर बुरशी धरतच नाही.

आणि विकायचंच ठरलं तर भंगारात अजिबात देऊ नका. तिथे नुसत्या लोखंडाचं वजन मोजलं जाईल, मजुरी आणि वेल्डिंग सगळं फुकट. पावसाळ्यातही विकू नका, तेव्हा भाव पाडून मागतील. दिवाळीनंतर, भरीत पार्ट्या सुरू झाल्या की मुंबई-आग्रा महामार्गावरच्या ढाब्यांना आणि केटरिंगवाल्यांना विचारा. गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर पेटवून, तासभर जाळ धरून दाखवा आणि दार नीट बसतं हे त्याला हात लावून बघू द्या. तोपर्यंत वरचा पावसाळी बंदोबस्त दोन्ही परिस्थितींत करावाच लागेल, म्हणून येत्या रविवारी यजमानांना उलथनं हातात द्या.